फिरत्या ठशाचीं रौप्यनाणीं : संग्रह कीं सांठा?

(१)

नाणकसंग्राहकांच्या बैठकींत अलीकडे एक नवा विषय वारंवार निघूं लागला आहे. चीन व ऑस्ट्रेलिया या देशांच्या टांकसाळी शुद्ध चांदीचीं अशीं नाणीं पाडतात कीं, ज्यांचें वजन व कस बहुधा ठरलेला, परंतु ठसा मात्र दर वर्षीं नवा. चीनच्या नाण्यावर पांडा नांवाचें काळेंपांढरें अस्वल असतें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथील टांकसाळीनें १९९० पासून कूकाबरा पक्ष्याची मालिका चालविली, आणि १९९९ पासून चिनी कालगणनेच्या बारा वर्षांच्या चक्रांतील ससा, ड्रॅगन, साप इत्यादि प्राण्यांची दुसरी रौप्यमालिका तिच्या जोडीस काढली. हीं नाणीं बाजारांत खर्चण्याकरितां नव्हत. त्यांवरील दर्शनी किंमत त्यांतील चांदीच्या किंमतीहून पुष्कळच कमी असते. तीं लगडीप्रमाणें सांठवावींत आणि नाण्यांप्रमाणें जमवावींत, अशा दुहेरी हेतूनें काढलेलीं आहेत.

या दुहेरी हेतूची शिफारस विक्रेते करितात ती थोडक्यांत अशी : चांदीचा भाव उतरला तरी ठशाची दुर्मिळता किंमत राखील, आणि ठशाची हौस ओसरली तरी चांदी कोठें जात नाहीं. म्हणजे एका पैशांत दोन आधार. आमच्या परिचयाच्या कांहीं संग्राहकांनीं हा युक्तिवाद मान्य करून आपला मोर्चा जुन्या नाण्यांकडून या नव्या नाण्यांकडे वळविला आहे. तो युक्तिवाद कितपत टिकतो, आणि टिकत नसल्यास या नाण्यांत संशोधकानें घेण्याजोगें कांहीं उरतें कीं काय, हें पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

वजन स्थिर आणि ठसा फिरता, ही कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. पाणिनीनें ‘रूप्य’ हा शब्द ‘आहत’, म्हणजे रूप उमटविलेलें, अशा अर्थीं दिला आहे. आपला रुपया त्याच कुळांतला. कौटिल्यानें नाणीं पाडणारा लक्षणाध्यक्ष आणि नाणीं पारखणारा रूपदर्शक असे दोन स्वतंत्र अधिकारी सांगितले असून, व्यवहारांत चालणारें नाणें व कोशांत घेण्याजोगें नाणें असा भेदही केला आहे. नाणें हें एकाच वेळीं धातु आणि चिन्ह असतें, व या दोहोंची पारख निरनिराळी करावी लागते, ही जाण त्या काळींही पुरी होती.

मौर्यकालीन आहत रौप्यनाण्यांचें उदाहरण वाचकांस परिचित आहेच. बत्तीस रत्तींचें प्रमाण, आणि एका बाजूस पांच खुणा. त्या पांचांपैकीं सूर्य आणि सहा बाहूंचें चक्र या दोन खुणा बहुतेक ठिकाणीं कायम. उरलेल्या तीन फिरत्या. या फिरत्या खुणांचे शेंकडों मेळ आज ज्ञात आहेत. त्यांचा उलगडा करण्याचे जे यत्न झाले त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा यत्न विशेष मोलाचा. गोव्यांत जन्मलेल्या व पुण्यास दीर्घकाळ राहिलेल्या या गणितज्ञानें तक्षशिलेच्या निधींतील नाणीं तराजूंत घातलीं. नाणें हातोहात फिरतां फिरतां झिजतें, म्हणून ज्या गटाचें सरासरी वजन कमी तो गट अधिक काळ चाललेला, हें सूत्र धरून त्यांनीं नाण्यांचा काळक्रम लावूं पाहिला. ठसा आणि वजन हे दोन साक्षीदार समोरासमोर उभे करून एकाकडून दुसऱ्याची उलटतपासणी घेण्याची ही रीत आम्हांस अनुकरणीय वाटते. प्रस्तुत परीक्षणांतही आम्ही तीच वापरणार आहों.

केवळ नवलाईकरितां ठसा बदलण्याचें जुनें उदाहरण जहांगीर बादशहाचें. इ. स. १६१८ मध्यें, आपल्या राज्यारोहणाच्या तेराव्या वर्षीं, गुजराथेंत मुक्काम असतां त्यानें नाण्यावर महिन्याच्या नांवाऐवजीं त्या त्या महिन्याची रास काढण्याची आज्ञा केली. त्याप्रमाणें अहमदाबादेस रुपये व पुढें मुख्यतः आग्र्यास मोहरा पडल्या. मेष, वृषभ, कर्क आदि राशी, आणि त्यांमागें किरणें फांकणारा सूर्य. ही कल्पना आपलीच, पूर्वीं कोणीं केली नव्हती, असें बादशहानें आत्मचरित्रांत अभिमानानें नमूद केलें आहे. या नाण्यांचा मोह पुढील पिढ्यांस इतका पडला कीं, त्यांच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. आणि आज राशीचें नाणें समोर आलें कीं जाणता पारखी आधीं संशय घेतो व मग सौंदर्य पाहतो. ठशाची हौस जेथें गेली तेथें बनावट तिच्या पाठोपाठ गेली, हा पहिला धडा.

(३)

आतां पांडाकडे वळूं. फिरत्या ठशाच्या आधुनिक रौप्यनाण्यांत हीच मालिका सर्वांत प्रसिद्ध व आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे.

चीननें १९८२ मध्यें प्रथम सोन्याचे पांडा काढले, व १९८३ मध्यें चांदीचा. हें पहिलें रौप्यनाणें २७ ग्रॅम वजनाचें आणि हजारीं ९०० कसाचें. म्हणजे त्यांत निखळ चांदी २४.३ ग्रॅम. संख्या अवघी १०,०००. पुढें १९८९ पासून ९९९ कसाचें, एक ट्रॉय औंस वजनाचें व दहा युआन दर्शनी किंमतीचें नाणें नियमानें निघूं लागलें. हा औंस ४८० ग्रेनांचा, म्हणजे १८० ग्रेनांच्या आपल्या तोळ्यानें बरोबर दोन तोळे आठ मासे. एका अंगास बीजिंग येथील स्वर्गमंदिराचें सभागृह, देशाचें नांव व वर्ष. दुसऱ्या अंगास पांडा. मंदिराचें अंग जवळजवळ स्थिर, पांडाचें अंग फिरतें. आहत नाण्यांवरील सूर्य व चक्र येथें मंदिराच्या रूपानें भेटतात, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कारागिरीविषयीं न्यायानें बोलावयाचें तर ती उत्तम आहे. काळ्यापांढऱ्या प्राण्याचें चित्र एकरंगी धातूंत काढणें ही कठीण अट आहे. टांकसाळीच्या कारागिरांनीं ती चांदीच्या पृष्ठभागाच्या पोताच्या साह्यानें सोडविली : कोठें आरशासारखी झिलई, कोठें हिंवासारखी खरबरीत फिकट छटा. हातांत नाणें किंचित् तिरपें केलें म्हणजे अस्वलाचे काळे कान व पाय आपोआप निराळे दिसूं लागतात. असें नाणें केवळ पाहण्यासाठीं कोणी घेतलें तर त्यास आमचा आक्षेप नाहीं. परंतु पुढें पुढें विषयाचें दारिद्र्य जाणवतें. बांबू खाणारा पांडा, झाडावर चढणारा पांडा, पिलासह पांडा, आणि पुन्हां बांबू. जहांगिराच्या राशी बदलत, कारण सूर्याची रास बदले. त्या बदलामागें आकाश होतें. कूकाबरा व पांडा यांच्या बदलामागें दिनदर्शिकेखेरीज दुसरें कांहीं नाहीं.

(४)

परंतु या मालिकेचा खरा इतिहास तिच्या क्रमांत नसून क्रमभंगांत आहे, आणि आमच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा हाच. असे चार क्रमभंग आम्हांस महत्त्वाचे वाटतात.

पहिला २००१-०२ चा. यापुढें ठसा दर वर्षीं बदलावयाचा नाहीं असें त्या वेळीं ठरविण्यांत आलें, व २००२ चें नाणें २००१ च्याच चित्रानें निघालें. संग्राहकांनीं नापसंती दाखविली, आणि २००३ पासून ठसा पुन्हां फिरूं लागला. राजमुद्रेचा निर्णय ग्राहकाच्या नाराजीनें फिरावा ही गोष्ट नाण्याच्या इतिहासांत लहान नव्हे. हें नाणें कोणाच्या आज्ञेंत आहे, या प्रश्नाचें उत्तर या एकसारख्या दोन वर्षांनीं दिलें आहे. बाकीच्या साऱ्या सुंदर वर्षांनीं दिलेलें नाहीं.

दुसरा २०१५ चा. त्या वर्षींच्या नाण्यावरून वजन, कस आणि धातूचें नांव हीं तिन्ही गाळलीं गेलीं. लगड म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यानें आपलें वजन सांगूं नये, याहून विलक्षण गोष्ट कोणती? चांदी होती तितकीच होती. परंतु तिची लेखी साक्ष नाहींशी झाली.

तिसरा २०१६ चा. साक्ष परत आली, पण साक्षींतील आंकडा बदलला. ३१.१०३५ ग्रॅमच्या औंसाऐवजीं वजन ३० ग्रॅम झालें; म्हणजे शेंकडा सुमारें साडेतीन चांदी कमी. दशमान पद्धतीच्या देशानें ग्रॅमाचें पूर्ण माप घ्यावें यांत गैर कांहीं नाहीं, आणि तें उघडपणें नाण्यावर लिहिलेंही आहे. तथापि जो मनुष्य दोन वर्षांचीं नाणीं शेजारीं ठेवून ‘एक पांडा म्हणजे एक औंस’ असा हिशेब करील तो फसेल. आणि त्याची फसवणूक अस्वलाच्या चित्राकडे पाहून नव्हे, तर तराजूंत घालूनच उघडकीस येईल. कोसंबींची रीत आम्ही वर सांगितली ती याचकरितां.

चौथा क्रमभंग ठशाचा किंवा वजनाचा नाहीं, तो संख्येचा आहे. १९८३ चीं नाणीं १०,०००. २००९ ची कमाल मर्यादा ६ लक्ष. २०१२ ची ८० लक्ष. सगळ्यांचें नांव पांडा, सगळ्यांचा ठसा निराळा, परंतु दुर्मिळतेच्या दृष्टीनें या तीन वर्षांचा एकमेकांशीं संबंध नाहीं. ज्या मालकाला पुढील वर्षीं हवी तितकी नाणीं पाडतां येतात, त्यानें नव्या नाण्याबरोबर दुर्मिळतेचें आश्वासनही विकलेलें समजणें हा भोळेपणा होय.

येथें एक पुरवणी जोडावी. नाण्यावर टांकसाळीची खूण नसतांही १९९० च्या दशकांतील कांहीं वर्षांच्या पांडांवर वर्षाचे अंक लहान व मोठे अशा दोन तऱ्हांचे आढळतात. जाहिरात न झालेला असा फरक शोधून काढणें, हें मात्र आमच्या मतें खरें नाणकशास्त्र. आपल्याकडील १८६२ सालच्या रुपयांची आठवण येथें होते. तोच सनाचा आंकडा त्यानंतर अनेक वर्षें छापला गेला, आणि चाणाक्ष संग्राहकांनीं त्यांवरील बारीक ठिपक्यांवरून त्यांचे भेद लावले. ठसा न बदलतांही इतिहास सांपडतो. तो पाहणाऱ्याच्या दृष्टींत असावा लागतो.

(५)

आतां दोन आधारांच्या युक्तिवादाचा हिशेब करूं. अशा नाण्याच्या किंमतींत दोन भाग असतात : धातूचें मोल, आणि त्यावरील वरताळा. पहिला भाग जगाच्या बाजारावर अवलंबून. चांदीचा भाव जानेवारी १९८० मध्यें औंसास ५० डॉलरांच्या घरांत गेला व त्याच वर्षीं २७ मार्च रोजीं ११ डॉलरांच्या खालीं आला; एप्रिल २०११ मध्यें तो पुन्हां पन्नाशीजवळ पोंचला आणि २०१५ च्या अखेरीस १४ डॉलरांच्या आसपास उतरला; ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यानें पन्नास डॉलर ओलांडले. ज्याचे चढउतार असे आहेत त्यास स्थिर आधार म्हणवत नाहीं. दुसरा भाग लोकांच्या हौशीवर अवलंबून. आणि हौस करणारे लोक कोण? बहुतांशीं तेच, ज्यांनीं चांदीही सांठविली आहे. भाव पडून मनुष्य धास्तावला म्हणजे तो लगड विकतो आणि नाणेंही विकतो. मग दोन आधार कसले? एकाच भिंतीस टेकलेल्या दोन शिड्या त्या. भिंत खचली तर दोन्ही कोसळतात.

१९८३ च्या नाण्याला मोठी किंमत येते हें खरें. परंतु त्यांत पुढील नाण्यांहून चांदी कमी आहे हेंही खरें. तेव्हां ती किंमत चांदीची नव्हे, दहा हजार या संख्येची आहे. उलट अमेरिकेचें रौप्य ईगल १९८६ पासून २०२१ पर्यंत ठसा न बदलतां निघालें, तरी १९९६ चें नाणें, सुमारें ३६ लक्षच पडल्यामुळें, संग्राहक अधिक देऊन घेतात. ठसा फिरला म्हणून दुर्मिळता येत नाहीं, आणि फिरला नाहीं म्हणून ती टळत नाहीं.

या ठिकाणीं बंगालच्या सिक्का रुपयाची गोष्ट स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. अठराव्या शतकांत तेथें चालू सनाचा रुपया पुऱ्या मोलानें चाले. दुसऱ्या वर्षीं त्यावर शेंकडा तीन बट्टा बसे, व तिसऱ्या वर्षापासून पांच. चांदी तीच, वजन तेंच. केवळ आंकडा जुना झाला म्हणून रयतेचें नुकसान आणि सराफाचा लाभ. अखेर कंपनी सरकारनें शाह आलमच्या १९ व्या सनाचा आंकडाच कायम छापण्यास आरंभ केला. तेथें ठसा बदलल्यानें जुनें नाणें उतरे; येथें ठसा बदलल्यानें जुनें नाणें चढतें असें सांगतात. दिशा उलट, परंतु लाभाचें स्थान एकच : नाणें घडविणारा आणि बदलून देणारा यांच्या मधील गादी.

बनावटीविषयीं एकच सूचना. पांडाच्या नकला पुष्कळ निघाल्या आहेत. घेणाऱ्यानें वजन व व्यास मोजावा, आणि पाण्यांत तोलून विशिष्ट गुरुत्व काढावें. चांदीचें तें १०.४९ येतें. मुलामा दिलेलें पितळ या परीक्षेंत उतरत नाहीं. प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटावर विश्वासून तराजू विसरूं नये.

(६)

एवढ्यावर लेख संपविला असता; परंतु ज्या प्रसंगामुळें आम्ही लेखणी हातीं घेतली तो सांगणें प्राप्त आहे.

आमचे एक जुने विद्यार्थी, सुशिक्षित व नेकीचे गृहस्थ, चांदीच्या भाववाढीच्या दिवसांत आमच्याकडे आले. त्यांनीं निरनिराळ्या बारा वर्षांचे बारा पांडा आणले होते. ते नातीच्या शिक्षणासाठीं घेतले, असें त्यांनीं सांगितलें. आम्हीं कौतुक करून सहज विचारलें कीं पैसा कोठून उभा केला? ते म्हणाले, “गुरुजी, माळ्यावर आजोबांचा डबा होता. त्यांत साठसत्तर जुने रुपये होते. झिजलेले, कोणाचें काय तें वाचतांही येत नव्हतें. ते सराफाकडे मोडीस दिले.” आम्ही त्यांस तसेंच उठवून सराफाच्या पेढीवर घेऊन गेलों. मूस आदल्या दिवशींच उतरली होती.

नऊ रुपये मात्र उरले होते. त्यांस कड्या डाकलेल्या होत्या. डाकेनें चांदीचा कस बिघडतो म्हणून कारागिरानें ते बाजूस ठेवले होते. घरांतील कोणा स्त्रीच्या गळ्यांतील तें लेणें असावें. त्यांपैकीं दोहोंवर अंकुश स्पष्ट होता, एकावर सनाचे दोन अंक वाचतां आले. बाकीच्या साठांवर काय होतें हें आतां कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. गृहस्थ खिन्न झाले, पण त्यांनीं विचारलेला प्रश्न सरळ होता : “गुरुजी, वजन तर पुरें भरलें. मग नुकसान कोणाचें झालें?”

त्या वेळीं आम्हांस चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. आतां देतों. नुकसान प्रथम त्यांचेंच झालें : देतांना त्यांस झीज, कस व मूस यांची घट सोसावी लागली व ठशाचें मोल शून्य धरलें गेलें, घेतांना मात्र ठशाचा वरताळा त्यांनीं पुरा भरला. परंतु त्याहून मोठें नुकसान आपणां सर्वांचें. पांडाचा ठसा टांकसाळीच्या दप्तरांत आहे, छापील सूचींत आहे, लाखों घरांत आहे. आजचीं बारा नाणीं वितळलीं तरी त्याविषयींचें एक अक्षरही हरवत नाहीं. त्या डब्यांतील रुपये कोणत्या टांकसाळींतून निघाले, कोणत्या बाजारांतून फिरले, कोणत्या सनांचे एकत्र जमले, याची नोंद दुसरीकडे कोठेंही नव्हती. ती नोंद म्हणजे तो डबाच होता.

यावरून आमचा निष्कर्ष असा. ज्यास चांदी सांठवावयाची आहे त्यानें ती वजनानें घ्यावी आणि वरताळा जेथें सर्वांत थोडा तेथें घ्यावी. फिरत्या ठशासाठीं अधिक द्यावें लागत असेल तर तो खर्च हौसेच्या खात्यांत मांडावा, गुंतवणुकीच्या नव्हे. ज्यास संग्रह करावयाचा आहे त्यानें पांडा अवश्य घ्यावा, पण सारीं वर्षें ओळीनें भरण्याच्या भरीस न पडतां २००१-०२ ची जोडी, वजन न सांगणारा २०१५ चा व तीस ग्रॅमचा २०१६ चा, असे बोलणारे नमुने घ्यावे. आणि घरीं जुना डबा असेल त्यानें तो मोडीस देण्यापूर्वीं प्रत्येक नाण्याचें वजन, व्यास, दोन्ही अंगांचें छायाचित्र, वाचतां येईल तेवढें अक्षर, आणि डबा कोणाचा व कोणत्या गांवचा एवढें टिपून ठेवावें. यास एक दुपार लागते, व सराफ दुसऱ्या दिवशींही भेटतो.

ते नऊ रुपये त्या गृहस्थांनीं विकले नाहींत. कड्या न काढतां, होते तसेच, वजनांच्या टिपणासह एका पाकिटांत घालून त्यांनीं ते नातीच्या नांवें ठेविले आहेत. बारा पांडाही त्याच पेटींत आहेत.